बाळाआधी कुंची

आपल्याकडच्या कानडी घरांतून एक म्हण नेहमी ऐकू येते. 'कूसु हुट्टुव मोदलु कुलावि होलिसिदरंते.' बाळ जन्मायच्या आधीच म्हणे कुंची शिवून घेतली! उतावळ्या माणसाची थट्टा करायला ही म्हण वापरतात. ऊस अजून शेतात उभा असताना कोणी मोटारसायकल ठरवून आला, निकाल लागायच्या आधी कोणी पेढे सांगितले, की माझी अव्वा पदराआड हसून हे वाक्य टाकायची. मराठीत तिच्या जवळची म्हणजे 'बाजारात तुरी'. पण त्या म्हणीत बाळ नाही, कुंची नाही, म्हणून भीतीही नाही. कानडी म्हणीत थट्टेच्या खाली भीती आहे, हे कळायला मला वयाची सत्तावन्न वर्षे आणि राजेगावचा एक हिवाळा लागला.

या सदरात दिवाळीपासून चार महिने मी हुरड्यावर लिहिले, संक्रांतीच्या वाणावर लिहिले, पण राजेगावचे नाव काढले नाही. विहीणबाईंची तशी तंबीच होती. "लेकरू हातात येऊ द्या ताई, मंग काय छापायचं ते छापा." छापलेले अक्षर म्हणजेही आगाऊ खरेदीच, असे त्यांचे मत. मी ते पाळले. आता लिहायला हरकत नाही.

राजेगाव कुठले ते आधी सांगते, कारण आपल्या भागात नाव ऐकले की लोकांना दौंडकडचे राजेगाव वाटते. माझ्या लेकीचे सासर ते नव्हे. हे मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातले, अगदी महाराष्ट्राच्या हद्दीला टेकलेले. बाघ नदी ओलांडली की गोंदिया जिल्हा. सगळा धानाचा मुलूख. घरात मराठी, बाजारात हिंदी, शेजारी पोवारी, आणि एकाच वाक्यात तिन्ही आल्या तरी कोणाला काही वाटत नाही. आपल्याकडे मराठी आणि कानडी नांदतात, तसेच. लग्नाच्या बोलणीत व्याही हसत म्हणाले होते, "तुमची आमची सोयरीक एकाच कायद्यानं जुळवली बघा." १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत, १ नोव्हेंबरला, आपला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूरकडे गेला. त्याच दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, आणि तोवर नागपूर राजधानी असलेला बालाघाट नव्या मध्य प्रदेशात राहिला. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी एकाच तारखेला आपले जवळचे मोठे गाव परराज्यात गेलेले पाहिले. आजही राजेगावच्या बाईला चांगली साडी घ्यायची तर ती गोंदियाची गाडी पकडते, जशा निपाणीच्या आपण कोल्हापूरची पकडतो.

तर लेक तिकडे. तीन वर्षांपूर्वी तिला पहिल्यांदा दिवस गेले, तेव्हा ती आणि जावई नोकरीसाठी नागपुरात होते. दोघे कमावते, हौशी. पाचवा लागला आणि खरेदीला सुरुवात झाली. झबली, टोपडी, पायमोजे, हत्ती काढलेले पांघरूण, जाळीची गादी, आंघोळीचा टब, छताला टांगायची गोल फिरणारी खेळणी. फोनवर एकेक वस्तू दाखवायची. मीही इथून भर घालत होते. विहीणबाई तेवढ्या गप्प होत्या. मला वाटले, स्वभावच तसा असेल.

आठव्या महिन्यात एके दिवशी बाळाची हालचाल थांबली. मुलगा होता.

त्या दिवसांवर मी जास्त लिहिणार नाही. एवढेच सांगते, की दवाखान्यातून घरी आल्यावर तिच्या खोलीत ते सगळे सामान मांडलेले होते. पुडक्यांवरच्या चिठ्ठ्याही काढलेल्या नव्हत्या. जावयांनी एका रात्रीत सगळे लोखंडी पेटीत भरले आणि पेटी राजेगावला आईकडे पाठवून दिली. विहीणबाईंनी ती धान्याच्या कोठीमागे सरकवली आणि वर पोती रचली.

बाळाआधी काही आणायचे नाही, हा नियम आपल्याकडेही आहे, पण मी तो अंधश्रद्धेच्या खात्यात टाकून मोकळी झाले होते. मैत्रिणींनो, जरा आकडे पाहा. १९७१ साली आपल्या देशात जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ पहिला वाढदिवस बघत नव्हती. म्हणजे आठातले एक. माझ्या अव्वाच्या पिढीत, त्याच्या आधीच्या पिढीत, ही संख्या याहून मोठीच. त्या बायकांनी कुंच्या शिवल्या असतील आणि परत उसवल्याही असतील. ज्या घरात एकदा रिकामा पाळणा मागे राहिला, त्या घरातल्या म्हातारीने पुढच्या सुनेला सांगितले असेल, आधी आणू नकोस गं. देव रागावतो म्हणून नव्हे. ते सामान नंतर आवरायला कोणीतरी लागते म्हणून.

२०२० साली देशाचा हा आकडा २८ वर आला. कर्नाटकात १९, महाराष्ट्रात १६, आणि मध्य प्रदेशात ४३. नदी तीच, धान तेच, पण सरकारी आकड्यात इतके अंतर. शिवाय पोटातच गेलेले मूल यात धरत नाहीत. ते बालमृत्यूच्या हिशेबात येतच नाही. माझा नातू कुठल्याच बाजूच्या आकड्यात नाही.

गेल्या वर्षी पुन्हा दिवस गेले. आता दोघे राजेगावला राहायला आले होते, जावई रोज गोंदियाला कामावर जाऊन येऊन. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत बजावले, लांबचा प्रवास नाही. म्हणजे बाळंतपणाला माहेर नाही. मग माहेरानेच जायचे ठरवले. दिवाळीचे दिवे उतरले आणि मी निघाले.

निघताना प्रश्न पडला, हातात काय न्यायचे? रिकाम्या हाताने जाणे आपल्याला जमत नाही, आणि नवे तर काही न्यायचे नाही. माळ्यावर अव्वाचा तोट्टिलु होता. अव्वाचे माहेर धारवाडकडचे. तिकडे कलघटगीचे पाळणे किती नावाजलेले, ते तुम्हाला मी सांगायला नको. सागवानी लाकूड, त्यावर लाखेच्या रंगात कृष्णलीला नाहीतर रामायण. आमचा साधाच आहे, त्यावर बाळकृष्ण, मोर आणि वेलबुट्टी. अव्वाच्या आईने घेतलेला. त्यात अव्वाची भावंडे झोपली, मी झोपले, माझी लेक झोपली. हा जुना होता, घरचा होता, त्यात तीन पिढ्यांची बाळे वाढली होती. नियमात बसेल असे वाटले. सुताराने खुंट्या काढून फळ्या सुट्या करून दिल्या. त्या जुन्या वाकळेत गुंडाळून मी कोल्हापूरला महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बर्थखाली सरकवल्या.

ही गाडी कोल्हापूरहून दुपारी सुटते आणि दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला गोंदियाला पोचते. तेराशेहून जास्त किलोमीटर, आणि सगळी वाट एकाच राज्यातून. मी निघाले कर्नाटकातून, जाणार मध्य प्रदेशात, आणि मधले सगळे महाराष्ट्र! पुण्यानंतर समोरच्या बाकावरच्या आजींनी विचारले, "वाकळेत काय बांधलंय?" पाळणा म्हटल्यावर त्यांनी हात जोडले आणि विचारले, "किती महिन्यांचं?" मी म्हटले, "अजून यायचंय." त्या गप्प झाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तोंड बांधलेलंच राहू द्या."

विहीणबाईंनी पाळणा दारातच थांबवला. वाईट बोलल्या नाहीत. फळीवरून हात फिरवला, मोर पाहिला, म्हणाल्या, "सुंदर आहे. पण आत नको. गोठ्याच्या माळ्यावर ठेवू." जावयांनी मुकाट्याने फळ्या वर चढवल्या. मी आणलेल्या गुळेदगुड्डच्या खणाला मात्र त्यांनी हरकत घेतली नाही. आपल्याकडे कुबुसा करतात तो काय प्रकार, हे त्यांना समजावून सांगितले, की हा खण बाळाचा नाही, आईचा. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "आईचं चालते." मग चार बायका बोलावून, गाणी नाहीत, फोटो नाहीत, अशी लेकीची ओटी भरली. डोहाळजेवणाचे ताट पण साधे. नवी चिन्नोर मात्र होती. बालाघाटच्या या सुवासिक तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. भात शिजत असताना मागच्या दारापर्यंत वास येतो.

खरा पेच पुढे आला. बाळंतपणाची तारीख पौषातली. तिकडची थंडी म्हणजे आपल्यासारखी शाल घेऊन भागणारी नव्हे, पहाटे अंगणातली बादली हात लावू देत नाही. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी कागदावर यादी लिहून दिली: धुऊन उन्हात वाळवलेली सुती फडकी बारा, झबली सहा, टोप्या तीन, हातमोजे-पायमोजे, दोन उबदार दुपटी, आईसाठी पुढून उघडणारे गाऊन. आणि खाली रेघ मारून, 'पिशवी सदतिसाव्या आठवड्याला तयार पाहिजे.' जन्मल्याबरोबर बाळाला कोरडे करून आईच्या उघड्या छातीवर ठेवतात, डोक्याला टोपी घालतात, वरून दोघांना पांघरतात. तेव्हा कोणी बाजारात पळायचे? ओल्या बाळाची ऊब मिनिटांत जाते.

लेकीने ती यादी सासूसमोर धरली. विहीणबाईंनी वाचली, घडी केली, कमरेला खोचली. दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची जुनी लुगडी काढली, सासऱ्यांची मलमलीची धोतरे काढली, आणि दुपारभर फाडत बसल्या. जुनी ना, मग चालते! आपल्या आज्यांनीही हेच केले की. पहिले झबले जुन्या कापडाचे, ते मऊ असते म्हणून, असे आपण सांगतो. मऊ असते हे खरेच. पण जुने कापड आधीच घरात असते, ते बाळासाठी 'आणलेले' नसते, हेही खरे. नियमाला त्या बायकांनीच एक खिडकी ठेवली होती. पाचवार धोतरातून किती दुपटी निघतात याचा हिशेब विहीणबाई माझ्यापेक्षा पक्का करतात.

पण धोतरातून लोकरीची टोपी निघत नाही. म्हणून एक दिवस आम्ही दोघी विहिणी गोंदियाला गेलो. लेकीला आणले नाही. बाजारात शिरायच्या आधी विहीणबाईंनी मला सांगितले, "कोणी विचारलं तर भाचीच्या बाळासाठी म्हणायचं." मी हो म्हटले.

दुकानदार चतुर होता. टोप्या मागितल्या तर त्याने पाच रंगीत खोकी मांडली. मोठ्या खोक्यात झबले, टोपी, लाळेरे, पावडरचा डबा, कंगवा आणि मधोमध दुधाची बाटली. मला राहवले नाही. त्याला म्हटले, बाटली काढून बाकीचे द्या. तो म्हणे, सेट आहे, फुटणार नाही. आपल्या देशात १९९२ पासून कायदा आहे, २००३ साली तो आणखी कडक झाला: बाळाच्या दुधाच्या पावडरीची आणि बाटल्यांची जाहिरात करायची नाही, नमुने वाटायचे नाहीत, पावडरीच्या डब्यावर गोंडस बाळाचे चित्रही छापायचे नाही. कारण बाटली हाताशी असली की छातीचे दूध सुटते, आणि धड न उकळलेल्या बाटलीतून जुलाब पोटात जातात. आणि आपण काय करतो? हौसेने बारशाला तीच बाटली खोक्यातून नेऊन देतो, वर चकचकीत कागद! बाळंतविड्यात बाटली देऊ नये, असे मला अगदी स्पष्ट वाटते. ज्या आईला डॉक्टर सांगतील ती आपली घेईल. पावडरचा डबाही मी बाजूला ठेवला. बाळाच्या नाकातोंडात ती धूळ जाते म्हणून बालरोगतज्ज्ञ नको म्हणतात, आणि ज्या मोठ्या कंपनीच्या पावडरीच्या वासावर आपली सगळी पिढी वाढली, त्या जॉन्सन अँड जॉन्सननेही टाल्कची बेबी पावडर २०२३ पासून जगभर बंद केली.

शेवटी आम्ही तीन लोकरी टोप्या, चार मोजे आणि एक दुपटे एवढेच घेतले. नवजात बाळाच्या मापाचे कपडे बाळ महिन्या-दीड महिन्यात टाकून देते, म्हणून विहीणबाईंनी दोन टोप्या मोठ्या मापाच्या घेतल्या. पैसे देताना त्यांनी नोटा मोजल्या, परत मोजल्या, आणि दुकानदाराने हिंदीत विचारले, "कितने महीने का बच्चा है, माताजी?" त्या म्हणाल्या, "बहुत छोटा है." बाहेर आल्यावर माझा हात घट्ट धरून चालत होत्या. मला तेव्हा कळले, की या बाई माझ्या लेकीवर नियम लादत नव्हत्या. त्या घाबरल्या होत्या. पेटीवर पोती त्यांनीच रचली होती ना.

परतीच्या गाडीत मी त्यांना फिनलंडची गोष्ट सांगितली. तिकडे १९३८ पासून सरकार गर्भवतीला एक मोठे खोके देते. आधी फक्त गरिबांना, १९४९ पासून सगळ्यांना. त्यात बाळाचे कपडे, पांघरूण, छोटी गादी. खोके रिकामे केले की त्याच्याच तळाशी गादी घालून बाळाची पहिली झोप. अट एकच, चौथा महिना सरायच्या आत आईने तपासणीला गेले पाहिजे. विहीणबाईंनी लक्ष देऊन ऐकले. "आणि हे बाळाच्या आधीच?" मी म्हटले, "आधीच." त्या म्हणाल्या, "म्हणजे तिथं सरकारच आधी कुंची शिवते." अव्वाची म्हण मी त्यांना आदल्या दिवशीच ऐकवली होती.

आपल्याकडेही २००७ साली कर्नाटक सरकारने 'मडिलु' योजना आणली होती. मडिलु म्हणजे मांडी. दारिद्र्यरेषेखालची बाई सरकारी दवाखान्यात बाळंत झाली की मच्छरदाणी, चादर, साबण, बाळाचे अंथरूण-पांघरूण अशी पिशवी मिळायची. निपाणीत आमच्या कामवाल्या बाईच्या सुनेला मिळालेली मच्छरदाणी मी पाहिली आहे. महाराष्ट्रानेही २०१९ मध्ये पहिल्या बाळासाठी असे किट सुरू केले. फिनलंड आधी देते, आपली सरकारे नंतर देतात. आमच्या विहीणबाई मंत्रालयात असत्या तरी त्यांनी हेच केले असते.

त्या रात्री लेक आम्हाला म्हणाली, "मला पेटी उघडायची आहे."

कोणती, हे विचारायची गरज नव्हती. विहीणबाई म्हणाल्या, "त्यातलं काही नको. कोणा गरिबाला देऊन टाकू. अपशकुनी आहे ते." मलाही, खोटे कशाला सांगू, तसेच वाटत होते. शिकलेली, लेख लिहिणारी बाई मी, पण त्या पेटीतले झबले या बाळाच्या अंगावर मला बघवले नसते. लेक शांतपणे म्हणाली, "आई, ते माझ्या मुलाचे कपडे आहेत. त्यात अपशकुन कसला? त्यानं कोणाचं काय वाईट केलं?" आणि मग, "तुम्ही दोघी भाचीच्या बाळाचं सांगून टोप्या आणल्यात, मला कळलंय. मला लपवून नकोय. मागच्या वेळी सगळं लपवलंत, एका रात्रीत. मला ते एकदा हातात घ्यायचं होतं."

आम्हाला वाटले होते, सामान दृष्टीआड केले म्हणजे तिचे दुःख हलके होईल. ती तीन वर्षे त्या पेटीचाच विचार करत होती.

सकाळी जावयांनी पोती हलवली. पेटीला गंज चढला होता. लेक पाट घेऊन बसली आणि एकेक वस्तू काढू लागली. कापडांना डांबरगोळ्यांचा वास. ती पुड्यावरची चिठ्ठी काढायची, कापड उलगडायची, मांडीवर ठेवून हात फिरवायची, मग बादलीत टाकायची. अधूनमधून रडत होती, पण हात चालू होते. मी शेजारी बसून राहिले. विहीणबाई चुलीपाशी होत्या. आल्या नाहीत.

अंगणात दोरी बांधून तिने सगळे वाळत घातले. हत्तीचे पांघरूण, सतरा की अठरा झबली, बोटाएवढे मोजे. राजेगावात अंगणातली दोरी म्हणजे गावाला निमंत्रणच. येणारी जाणारी बाई थबकायची. कोणी काही बोलले नाही. दुपार कलली, उन्हे सरकली आणि अर्धी दोरी सावलीत आली. तेव्हा विहीणबाई घरातून आल्या, एकेक झबले काढून उन्हाच्या बाजूला सरकवून टाकले, उलटे करून, शिवण बाहेर येईल असे. थंडीत शिवणीपाशी ओल राहते, म्हणाल्या.

बाकी मग भराभर झाले. टब आणि ती फिरणारी खेळणी लेकीनेच अंगणवाडीत देऊन टाकली. मी निपाणीहून नेलेली मोहरीची उशी डॉक्टरीणबाईंनी नापास केली. बाळाला वर्षभर उशी नको, मऊ गादी नको, डोक्याभोवती कापडाचे लोड नकोत. घट्ट, सपाट अंथरूण आणि बाळ उताणे, एवढेच. डोके गोल होण्यासाठी उशी लागते हा आपला समज. ती मोहरी विहीणबाईंनी फोडणीला वापरली, पुढे दीड महिना पुरली. पाळण्याचेही त्यांनी विचारले: फळ्यांमध्ये फट किती, रंगाचे पोपडे निघतात का? लाखेचा रंग इतक्या वर्षांनी तसाच आहे, निघत नाही. फटी सुताराने पट्ट्या मारून बुजवल्या. गुटीची सहाण मी नेली होती, तीही सहा महिने फळीवरच राहणार, तोवर आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नाही. मला दोन गोष्टी पटल्या, एक पटली नाही, पण मी तिन्ही पाळल्या.

पौषात, एका पहाटे, गोंदियाच्या दवाखान्यात मुलगी झाली. दोन किलो आठशे. नर्सबाईंनी पिशवी मागितली तेव्हा विहीणबाईंनीच ती उघडून दिली. पहिले दुपटे सासऱ्यांच्या धोतराचे, टोपी गोंदियाच्या बाजारातली. बारा दिवसांनी गोठ्याच्या माळ्यावरून तोट्टिलु उतरला आणि बारशाला ओसरीच्या आढ्याला टांगला. तिथल्या बायका मोराच्या चित्राला हात लावून बघत होत्या, आणि मी त्यांना कलघटगी कुठे आहे ते सांगत होते.

पेटीतले कपडे बाळाने सगळे घातले, काही आताच आखूड झाले. निघायच्या आदल्या दिवशी लेक कपाट लावत होती. एक पिवळी कुंची तिने बाजूला काढली. तीन वर्षांपूर्वी मीच इथून शिवून पाठवलेली, कडेला खणाची पट्टी लावलेली. नव्यासारखी होती.

"ही नाही का घातली तिला?" मी विचारले.

"ही त्याची," ती म्हणाली, आणि घडी करून परत पेटीत ठेवली. पेटी आता कोठीमागे नाही. पलंगाखाली आहे.